दगडावर ठेवलेली दुर्बीण

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, हे सांगायला मला जुनी डायरी उघडावी लागते. तलावाकाठच्या त्या रविवारासाठी मात्र डायरी लागत नाही. तो दिवस सकाळी सव्वानऊपासून सूर्य मावळेपर्यंत जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या पुढच्या भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही. ज्यांची ही हकीकत आहे ते वाचतील तेव्हा ओळखतील, तेवढं पुरे.

आमच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. पूर्वी तिथे म्हशी आणि गळ टाकून बसलेली दोनचार माणसं, एवढीच वर्दळ असायची. मग कुणीतरी काठावरची जमीन घेतली, तंबू लावले, दोन बोटी आणल्या, मुलांसाठी झोपाळे बांधले. हिवाळ्यात शनिवारी शहरातली कुटुंबं मुक्कामाला येऊ लागली. संध्याकाळी शेकोटी, सकाळी पोहे आणि डोंगरावर फेरफटका. तिथून ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही तशाच साध्या असायच्या. गाणी मोठ्यानं लावली, गाडीला ओरखडा पडला, कुणाचा मोबाइल पाण्यात पडला.

त्या रविवारी मी हजेरी घेऊन नुकताच खुर्चीत बसलो होतो. ठाणे अंमलदार फोन हातात धरूनच आत आला.

“साहेब, तलावावरच्या तंबूतली एक बाई सकाळपासून सापडत नाय. साठीच्या आहेत. काठावर चपला आहेत म्हणतात.”

काठावर चपला आहेत, एवढे शब्द ऐकले की पोलिसाच्या डोक्यात पुढची सगळी गोष्ट आपोआप तयार होते. माझ्याही झाली. मी अग्निशमन दलाला कळवायला सांगितलं, एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीपमध्ये बसता बसता हवालदाराला म्हणालो, “अकस्मात मृत्यूचे कागदही ठेवा बरोबर.” बाईला अजून कुणी मेलेलं पाहिलं नव्हतं. मी कागद मात्र घेतले.

तिथे पोहोचलो तेव्हा पंधरावीस माणसं पाण्याकडे तोंड करून उभी होती. चपला काठापासून दोन हातांवर होत्या, तपकिरी रंगाच्या, टाचेकडे झिजलेल्या, एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या. एक पन्नाशीची बाई तेवढी पाण्याकडे पाठ करून उभी होती. बेपत्ता बाईंची ती धाकटी बहीण.

तिच्याकडून कळलं ते असं. थोरली बहीण सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटीच राहायची. धाकटी शहरातल्याच छावणी भागात राहायची. दोघी एका शहरात असूनही वर्षानुवर्षं सणावारापलीकडे भेट व्हायची नाही. थोरलीच्या ड्यूट्या आणि धाकटीचा संसार, त्यात दिवस जायचे. म्हणून निवृत्तीची भेट म्हणून धाकटीनं हा तंबू घेतला होता. दोघी बहिणीच, बरोबर तिसरं कुणी नाही.

“सकाळी मला जाग आली सहाला. बिछान्यात ताई नव्हती. वाटलं, आली असेल काठावर पक्षी बघायला. दवाखान्यातल्या बायकांनी निरोपाला दुर्बीण दिली होती तिला. लहान पोरासारखी गळ्यात घालून फिरत होती कालपासून. सात वाजले, आठ वाजले, आली नाही. मोबाइल उशाशीच पडलाय.”

मी विचारलं, “काल काही बोलाचाली झाली होती का?”

ती म्हणाली, “झाली होती. मी म्हणाले, आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. ती म्हणाली, मला कुणाच्या घरात पाहुणी म्हणून म्हातारं व्हायचं नाही. आवाज चढला दोघींचा. ती उठून काठावर जाऊन बसली. जेवताना बोलली माझ्याशी, पण थोडंच.”

शेजारच्या तंबूतल्या एका गृहस्थांनी तेच सांगितलं. संध्याकाळी दोघी बहिणी मोठ्यानं बोलत होत्या, थोरलीचे डोळे लाल दिसत होते. निवृत्ती, एकटेपण, भांडण आणि काठावर चपला. माझ्या डोक्यातल्या गोष्टीत आता काहीच कमी राहिलं नव्हतं.

धाकटीनं माझा चेहरा वाचला असावा. ती एकदम म्हणाली, “साहेब, ताई पाण्यात गेलेली नाही. तिला पाण्याची भीती वाटते. कालसुद्धा बोटीत बसली नाही. आणि तुम्ही आत येऊन बघा.”

मी तंबूत गेलो. ताईंना मधुमेह होता, रोज सकाळी इंजेक्शन लागायचं. उशाजवळ एक पांढरा रुमाल पसरलेला होता. त्यावर सुई, कापसाचा बोळा आणि दोन बिस्किटं मांडून ठेवली होती.

“जीव द्यायला निघालेली बाई परत आल्यावर घ्यायचं म्हणून सुई काढून ठेवेल का?” धाकटी म्हणाली. “ती कुठंतरी गेलीय आणि तिला येता येत नाहीये. तुम्ही डोंगराकडं माणसं पाठवा ना!”

मी मान हलवली, “पाठवतो” म्हणालो, आणि एका शिपायाला पायथ्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. तो अर्ध्या तासात परत आला. डोंगर मोठा, झुडपं दाट, हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. मी त्याचं म्हणणं मान्य केलं आणि पुन्हा तलावाकडे वळलो. तोवर अग्निशमन दलाची माणसं आली होती. बोटी पाण्यात उतरल्या, गळ टाकले गेले. काठावरची गर्दी वाढत गेली.

बाराच्या सुमारास ठाण्यातून बिनतारीवर निरोप आला. कुणीतरी फोन केला होता, नाव सांगितलं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं: “त्या बाईची दुर्बीण तंबूवाल्याच्या रखवालदाराच्या घरी हाय. तपासून बघा.”

निनावी फोन करणारा माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो, पण चांगुलपणानं सांगतो असं नाही. इथेही तेच निघालं. फोन करणारा रखवालदाराचा भाऊबंद होता आणि दोघांचा बांधावरून जुना वाद होता, हे मागाहून कळलं. त्या वेळी मात्र माझ्यासाठी माहिती महत्त्वाची होती.

रखवालदार पंचेचाळिशीचा, सडपातळ, खाली बघून बोलणारा माणूस. सकाळपासून तो सगळ्यांना पाणी देत फिरत होता. जवळच्याच वस्तीवर त्याचं घर होतं. दोन पंच घेऊन आम्ही झडती घेतली. ज्वारीच्या कोठीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली दुर्बीण निघाली. “ताईचीच आहे,” ओळख पटवायला बरोबर आणलेली धाकटी म्हणाली.

“कुठं सापडली?” मी रखवालदाराला विचारलं.

“काठावर, सायेब. चपलापाशी.”

“सकाळपासून आम्ही शोधतोय. सांगितलं का नाहीस?”

“भ्यालो.”

त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ताजे ओरखडे होते. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर मला कळली. बाई एकटी, दुर्बीण महागाची, हातावर ओरखडे. डोक्यातली पहिली गोष्ट जाऊन आता तिथे दुसरी आली. बाईनं जीव दिला नाही, हिसकाहिसकीत ती पाण्यात गेली. गोष्ट बदलली तरी शेवट पाण्यातच होता. त्यामुळे बोटी तिथेच फिरत राहिल्या आणि आम्ही रखवालदाराला घेऊन ठाण्यात आलो.

त्याला माझ्या खोलीत बसवलं तेव्हा दीड वाजला होता. महिला शिपाई कोपऱ्यात कागद घेऊन बसली. पहिला तासभर त्यानं एकच वाक्य धरून ठेवलं. चपलापाशी सापडली, भ्यालो, घरी नेली. किती वाजता, विचारलं तर उजाडताना. तिथे काय करत होतास, तर फेरी मारत होतो. बाई दिसली का, तर नाय.

हवालदार मला बाहेर घेऊन गेला. “साहेब, हा असा बोलणार नाय. थोडं आमच्यावर सोडा. दहा मिनिटं.”

खोटं सांगत नाही, मी क्षणभर विचार केला. धाकटी बहीण बाहेर बाकावर बसून होती. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मांडीवर ताईंचा औषधाचा लहान थर्मास होता. थोरलीचं इंजेक्शन तिनं त्यात घालून बरोबर आणलं होतं. ते पाहून मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला होता. त्यांनी सांगितलं होतं, बाई जिवंत असतील आणि कुठे अडकल्या असतील तर औषधाविना, पाण्याविना या थंडीत त्यांची रात्र निघणं कठीण आहे. मी हवालदाराला म्हणालो, “नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते सांगतो. आणि आपल्याला काय हवंय, ते त्याला केव्हाच कळलंय.”

परत आत गेलो आणि या वेळी त्याच्या समोर न बसता शेजारी खुर्ची ओढली. म्हणालो, “हात दाखव.”

त्यानं हात पुढे केले. मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. माणसाच्या नखांचे ओरखडे रुंद असतात, जवळजवळ असतात आणि एकाच दिशेनं जातात. हे बारीक होते, आडवेतिडवे, आणि एका जागी काट्याचं टोक अजून कातडीत मोडून बसलं होतं. सदऱ्याच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता.

“हे बाभळीचे काटे आहेत,” मी म्हणालो. “तलावाच्या काठावर गवत आहे. तिथे बाभूळ कुठली?”

त्यानं हात मागे घेतले. आधी तो एका वाक्याआड बसला होता. आता ते वाक्यही त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

“हे बघ,” मी म्हणालो, “तू त्या बाईला काही केलंस असं मला वाटत नाही. पण तू काहीतरी लपवतोयस. कशाची भीती आहे तुला? या बाईंचं सोडून दुसरं काही?”

त्यानं मान वर केली. महिला शिपायानं मला न विचारताच पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्या बोलीत म्हणाली, “दादा, बाहेर त्या बाईची भन बसलीय बघा. सकाळधरनं तोंडात पाणी नाय घेतलं तिनं. सांगून टाका.”

त्यानं पाणी प्यायलं नाही. ग्लासाकडे बघत म्हणाला, “सायेब, फॉरेस्टवाले मला आत टाकतील.”

“का?”

“शेकोटीला लाकडं लागत्यात. रोज लागत्यात. मालक म्हणतो, कुठून बी आण. म्या उजाडायच्या आधी जातो, डोंगराच्या पल्याड फॉरेस्टच्या बाभळी हायेत तिथं. आज बी गेलतो. मोळी बांधली अन् खाली येताना एका मोठ्या दगडावर ही दिसली. दुर्बीण. कुणी नव्हतं. हाक मारली तर, म्हनलं, कोन रं तू लाकडं घिऊन, असं इचारतील. म्हणून गपचिप उचलली. कुणी इसरून गेलं आसंल वाटलं. मंग खाली आलो तर ही बोंबाबोंब. आता तिथं सापडली म्हनलं तर तिथं काय करत हुतास, असं तुमी इचारनार. म्हणून चपलापाशी म्हनलो.”

मला घड्याळात पाहायचं धाडस होईना. पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. डिसेंबर अखेरचे दिवस, सहाच्या आत सूर्य जाणार होता.

“लाकडाचा गुन्हा माझ्याकडे नाही,” मी म्हणालो. “तो दगड दाखव.”

जीप निघाली. जाता जाता मी अग्निशमन दलाच्या माणसांना बोटी सोडून दोर आणि स्ट्रेचर घेऊन डोंगराकडे यायला सांगितलं. धाकटी बहीण न विचारता मागच्या सीटवर येऊन बसली. नंतर एकदा मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली होती, “साहेब, तुम्ही माझं ऐकत होता, लिहीत मात्र चपलांचं होता.” ते वाक्य मला लागलं, कारण त्यात चूक काहीच नव्हती.

डोंगराची ती धार तंबूंपासून पायी पाऊण तासावर. गाडी निम्म्या वाटेपर्यंतच गेली. रखवालदार पुढे, आम्ही मागे. धारेपलीकडे उतरल्यावर तंबू दिसत नव्हते, तलाव दिसत नव्हता, खालच्या हाका वर पोहोचणं शक्य नव्हतं. त्याच्या बाभळी आल्या. तोडलेल्या फांद्यांचे पांढरे बुंधे ताजेच होते. मग तो थांबला.

“ह्योच दगड.”

कमरेएवढा सपाट दगड, वर बसायला चांगली जागा. समोर ओढा आणि त्यापलीकडे झाडी. पक्षी बघायला याहून सोयीची जागा नव्हती. आजूबाजूला मात्र कुणाचा मागमूस नव्हता. आम्ही पसरलो. हाका मारल्या. ओढ्यात उतरलो, कडा पाहिला, दोघं खालच्या खबदाडीपर्यंत जाऊन आले. साडेचार वाजले. पाच वाजले. सावल्या लांब होत चालल्या होत्या. धाकटी “ताई, ताई” करून ओरडत होती आणि प्रत्येक हाकेला तिचा आवाज फाटत होता.

महिला शिपाई त्या दगडापाशीच उभी होती. ती खेड्यातली मुलगी, नोकरीला लागून चार वर्षं झालेली. मी तिच्यावर जरा खेकसलोच, “तुम्ही काय बघताय?”

ती संकोचली, मग म्हणाली, “साहेब, बोलू का? बाईमाणूस गळ्यातली दुर्बीण काढून दगडावर ठेवते, आणि ती पण एवढी जीव की प्राण असलेली, तर ती कशाला? ती आडोशाला गेली असंल साहेब. म्हाताऱ्या बाईला मधुमेह, पहाटेची थंडी. ती लांब नाय जाणार. पण वाटेवरून दिसणार नाय अशीच जागा बघणार.”

आम्ही सात पुरुष तासभर कडे आणि ओढे पाहत होतो. ही साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

ती दगडाला पाठ लावून उभी राहिली. बाई म्हणून आपण कुठे गेलो असतो, ते बघत राहिली. डावीकडे वीसपंचवीस पावलांवर घाणेरीचं दाट बेट होतं. ती सरळ तिकडे चालत गेली. बेटाला वळसा घातला आणि जागच्या जागी थांबली. तिनं हात वर केला. आम्ही सगळे थांबलो.

टक्. मग काही वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. दगडावर दगड.

झुडपामागे एक जुना आड होता. कुणी, केव्हा खणला देव जाणे. कठडा केव्हाच ढासळला होता, तोंडावर घाणेरी पसरली होती. एका बाजूला फांद्या मोडून खाली गेल्या होत्या. महिला शिपाई पालथी पडून आत वाकली.

“साहेब, आहेत! हायेत साहेब! डोळे उघडे आहेत!”

तिची नोकरीची भाषा आणि घरची भाषा त्या एका वाक्यात एकत्र झाली. मी पुढे गेलो. आड कोरडा होता, दोन पुरुष खोल, तळाला वर्षानुवर्षांचा पाला साचलेला. त्या पाल्यानंच त्यांना वाचवलं. बाई आडाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक पाय वाकडा, पायात कॅनव्हासचे बूट, हातात दगड. ओरडून ओरडून घसा पार बसला होता. ओठ हलत होते, पण शब्द वर येत नव्हते.

अग्निशमन दलाचा जवान दोरानं खाली उतरला. त्यानं त्यांना धरायला हात पुढे केला, तसा त्यांनी तो हात बाजूला सारला आणि काहीतरी सांगितलं. जवानानं वर बघून आम्हाला ऐकवलं, “म्हणतायत, पाय आहे तसा ठेवा. सरळ करायला जाऊ नका. आधी फळी बांधा.”

चाळीसएक वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, अकरा तास आडात पडून, स्वतःला कसं उचलायचं ते सांगत होती. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसलो, रखवालदारही. दिवसभरात त्या डोंगरावर पहिल्यांदा कुणी हसत होतं.

वर घेतल्यावर धाकटी त्यांच्या अंगावर कोसळली. “ताई गं, ताई...”

थोरलीच्या घशातून खरखरीत आवाज आला, “रडू नको. थर्मास आणलास का?”

“आणलाय. सकाळपासून घेऊन फिरतीये.”

“मग आधी साखर तपासायला सांग यांना. आणि पाणी दे.”

पश्चिमेला सूर्य डोंगराला टेकला होता. स्ट्रेचर खाली निघालं. मी मागे राहिलो, दगडावर बसलो. सकाळी घेतलेले ते कागद जीपमध्ये होते. ते कोरे होते, आणि ते कोरे आहेत या एका गोष्टीनं मला एकदम हलकं वाटलं. बिनतारीवर ठाण्याला निरोप दिला, बाई सापडल्या. ठाणे अंमलदारानं दोनदा विचारलं, “साहेब, मयत की जिवंत?” मी म्हणालो, “जिवंत, अहो जिवंत. डायरीला लिहा.” पलीकडे ठाण्यात कुणीतरी टाळी वाजवल्याचं मला ऐकू आलं.

चपलांचं कोडं दवाखान्यात सुटलं. भांडण झाल्यावर त्या काठावर गवतात बसल्या होत्या, पाण्यापासून लांब, असं त्यांचं म्हणणं. दोन हात म्हणजे त्यांच्या लेखी लांबच. ओलं गवत पायाला बरं वाटलं म्हणून तंबूपर्यंत अनवाणी गेल्या आणि चपला विसरल्या. सकाळी चालायला जायचं म्हणून बूट घातले. बूट तंबूत नाहीत, हे मी सकाळी दहा वाजता एका प्रश्नात विचारून घेऊ शकलो असतो. विचारलं नाही. चपला सापडल्यावर पायात दुसरं काय असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

रखवालदाराचा जबाब मी खरा तोच लिहिला. लाकडांचा उल्लेख वगळता आला असता, पण मग दगडाचाही वगळावा लागला असता. वन विभागाच्या अधिकाऱ्यांशी स्वतः जाऊन बोललो. या माणसानं जागा दाखवली नसती तर आज एक जीव गेला असता, हे लिहून दिलं. कारवाई मालकावर झाली, हा साक्षीदार राहिला. मात्र ती नोकरी त्याची गेली. तेवढं माझ्या हातात नव्हतं.

दोन महिन्यांनी थोरल्या बाई काठी टेकत ठाण्यात आल्या, बहीण बरोबर. त्यांना रखवालदाराच्या घरी जायचं होतं. मी सोबत गेलो. तो घरातून बाहेरच येईना. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. शेवटी आला, दारातच उभा राहिला, नेहमीसारखा खाली बघत.

“बाई, म्या दुपारपत्तूर गप बसलो. तुमी तिथं खाली, अन् म्या हितं गप.”

बाई म्हणाल्या, “शेवटी बोललास ना? दवाखान्यात मी कितीतरी लोक बघितले. लाजेपायी, भीतीपायी दुखणं लपवतात आणि मग उशीर होतो. तू उशिरा सांगितलंस, पण वेळेत सांगितलंस.” मग बहिणीकडे वळून म्हणाल्या, “ही म्हणते की आता तरी माझ्याकडे राहा. मी हिला म्हटलं, नाही. पण दर शनिवारी येईन.” धाकटी म्हणाली, “आणि रविवारी लवकर उठून कुठंही जाणार नाही, हे पण सांग.” दोघी हसल्या. तोही थोडा हसला आणि चहाचा कप आत घेऊन गेला.

महिला शिपायाच्या नावाची मी वरिष्ठांकडे शिफारस केली. तिला प्रशस्तिपत्र मिळालं. वाटपाच्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “साहेब, एवढी मोठी गोष्ट नव्हती ती.” मला वाटतं, ती खरंच तसं मानत होती.

या प्रकरणात ना चोर होता, ना खुनी. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि ते संपलं. तरी माझ्या सगळ्या नोकरीत मी सर्वांत जास्त त्यातच शिकलो. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की खोटं बोलणारा माणूस आपल्या समोरच्या गुन्ह्यासाठीच खोटं बोलतो. तसं नसतं. माणसं आपापली छोटी भीती घेऊन आपल्यासमोर बसलेली असतात. कुणाला लाकडांची भीती असते, कुणाला बायकोला कळेल याची, कुणाला मालकाची. ती भीती सांगितल्याशिवाय त्यांना पुढचं काही सांगताच येत नाही. आणि आपल्याला वाटतं, हा खुनी आहे म्हणून गप्प आहे.

निवृत्त होईपर्यंतच्या दोन वर्षांत चौकशीला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी तोच प्रश्न विचारला: या प्रकरणाशिवाय दुसऱ्या कशाची भीती वाटते का तुला? बऱ्याच जणांनी उत्तर दिलं. काही वेळा त्यानं तपासाला काहीच मदत झाली नाही. पण एकदा माणसानं मनावरचं ते ओझं खाली ठेवलं, की मग तो माझ्याशी सरळ बोलायचा, आणि मलाही त्याचं सरळ ऐकू यायचं.